सेटलमेंट केलेल्याने परत क्रेडिट कार्ड मागूच नये का?

मागवाला: काल इथे एकाने लिहिलं, "ज्याने बँकेचे पैसे बुडवले त्याला परत कार्ड देणं हा नियमित हप्तेवाल्यांचा अपमान आहे." डोकं फिरलं म्हणून लिहितोय, लांबेल. मी इचलकरंजीत खर्चीवर, म्हणजे दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने, माग चालवतो. लॉकडाऊनला सूत बंद, मजुरी बंद, घर कार्डावर चाललं, आणि साडेतीन टक्के महिना व्याज, वर जीएसटी, हे किती भराभर चढतं ते भोगल्याशिवाय कळत नाही. शेवटी बँकेनेच फोन करकरून सेटलमेंट गळ्यात मारली, एवढे भरा, बाकीचे सोडले, मोकळे व्हा म्हणे. मोकळा कसला, क्रेडिट रिपोर्टात (सगळ्या बँका बघतात ती कर्जाची कुंडली) "सेटल्ड" शेरा बसला आणि पुढे जाईन तिथे नकार. मग वीस हजारांची एफडी ठेवून तिच्यावर कार्ड काढलं. पेट्रोल आणि रिचार्ज, बास. बिल आलं की पूर्ण भरायचं, मिनिमम ड्यू नाही. क्रेडिट स्कोर, म्हणजे पतीचे गुण, आता सातशेच्या वर आहे. यात कुणाचा अपमान झाला?

पुणेरी_पगारदार: ते मीच लिहिलं होतं, आजही तेच म्हणतो. तुम्हाला सोडलेली रक्कम कुणी भरली? आम्हीच, व्याजातून. आणि एफडीवरचं कार्ड म्हणजे तुमचेच पैसे तुम्हालाच उधार, त्यात पत कसली!

मागवाला: मग बँकेला धोका नाही, तुम्हालाही नाही. पोटात का दुखतंय?

कागदी_घोडा: सेटलमेंट म्हणजे दिवाळखोरी नव्हे हो. आपल्याकडे साध्या माणसाला दिवाळखोरीची धड सोयही नाही. २०१६ च्या आयबीसीतला, म्हणजे नव्या दिवाळखोरी कायद्यातला, व्यक्तींचा भाग फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांना लागू झालाय, बाकीच्यांना अजून मुंबईत १९०९ चा कायदा आणि बाहेर १९२० चा. मागवाले, जमेल तेव्हा सुटलेली रक्कम भरा, नो ड्यूज, म्हणजे बाकी नसल्याचा दाखला, घ्या आणि शेरा "क्लोज्ड" करून घ्या. आणि दहा ठिकाणी अर्ज टाकत सुटू नका, प्रत्येक चौकशी रिपोर्टात दिसते.

नाशिककर: जामीनदार शब्द निघालाच आहे तर ऐका. मेहुण्याच्या ट्रॅक्टरला मी सही दिली. त्याने हप्ते थकवले आणि कार्ड माझं नाकारलं!! माझ्या रिपोर्टात त्याचं कर्ज, समोर "जामीनदार", खाली डीपीडीच्या, म्हणजे हप्ता किती दिवस थकला त्याच्या, रकान्यात ०३०, ०६०, ०९० अशी चढती भाजणी. मी आयुष्यात एक रुपया बुडवलेला नाही.

पुणेरी_पगारदार: सही करताना वाचलं नव्हतं?

नाशिककर: सासरे समोर, सासूबाई चहा घेऊन उभ्या. तिथे चष्मा लावून कलमं वाचत बसू?

कागदी_घोडा: वाचून तरी काय होणार होतं. करार कायदा कलम १२८, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. बँक आधी तुमच्या दारातही येऊ शकते.

आटपाडीची: आमच्या वडिलांनी मित्राला जामीन दिला, मित्र गाव सोडून गेला, पगारातून कपात आमच्या. माझ्या लग्नाचे पैसे त्यात गेले. तेव्हापासून घरात जामिनाचा कागद कुणी आणला तर त्याला पाणीसुद्धा विचारत नाही.

पुणेरी_पगारदार: मग मेहुण्याला धरा ना, बँकेच्या नावाने खडे का फोडता?

नाशिककर: तुम्हाला मेहुणा नसावा. नशीबवान आहात.

जर्सीची_वहिनी: मूळ विषयावर येते. इथे अमेरिकेत चॅप्टर ७, म्हणजे कर्जं माफ करून घेणारी दिवाळखोरी, रिपोर्टवर १० वर्षं राहते, पण तेवढं कुणी थांबत नाही. आमच्या शेजारणीचा डिस्चार्ज झाला, म्हणजे कोर्टाने तिला कर्जातून मोकळं केलं, आणि लगेच कार्डांच्या ऑफरची पत्रं यायला लागली. आठ वर्षं तिला परत चॅप्टर ७ करता येत नाही, हे कंपन्यांना पक्कं ठाऊक असतं. तिने डिपॉझिटवालं कार्ड घेतलं, पत्रं फाडली.

पुणेरी_पगारदार: बरं बाबा, एफडीवाल्या कार्डाला माझी परवानगी. थोर उपकार समजा. पण विनातारण मागायला आलात तर विरोध राहणारच.

मागवाला: मागायची गरजच नाही साहेब. ज्या बँकेने सेटल्ड शेरा मारला तिच्याच पोराचा परवा फोन, "सर, लाइफटाइम फ्री कार्ड आहे." त्याला तुमचा नंबर देऊ का?

नाशिककर: आणि माझ्या ट्रॅक्टरचं काय? रिपोर्टातल्या नोंदीबद्दल तक्रार टाकलीय. ३० दिवसांत निकाल लावला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते असं वाचलंय.

कागदी_घोडा: निकाल लावतील की. नोंद बरोबर आहे म्हणून कळवतील. सही तुमचीच आहे ना?

नाशिककर: तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने आहात हो?