कालियाची चूक काय होती?

निशाचर:
काल इथे कोणीतरी लिहिलं की ‘शोले’तल्या डाकूंची कसली कीव, फुकट खाणारी माणसं, गब्बरने तिघांना उडवलं ते बरोबरच केलं. डोकं फिरलं म्हणून एवढं लिहितोय. तो सीन नीट बघा. तिघं रिकाम्या हाताने आलेत, किती जण होते विचारल्यावर कालिया खरं सांगतो, दोन. वीस होते म्हणाला असता तर कोण मोजायला जाणार होतं? मग तीन गोळ्या हवेत, तीन आत, चक्र गरकन फिरवलं, तिघांच्या डोक्याला लावून चाप ओढला, तिन्ही वेळा रिकामं. वाचले. सरदार हसतो, मग टोळी हसते, मग ते तिघंही हसतात, आणि हसतानाच गोळ्या. मला ते हसणं बघवत नाही. सोमवारच्या मिटिंगला साहेबांच्या जोकवर आम्ही अगदी असंच हसायचो.

सातारी:
आणि गावातून धान्याची पोती कोण उचलत होतं? हाच कालिया ना? आमच्या आजीच्या खळ्यावरून गुंडांनी असंच धान्य नेलेलं, ते सांगताना म्हातारपणीही तिचा आवाज कापायचा. कीव तिची करा.

माजी_वसुलीवाला:
मी दोन वर्षं गाड्यांच्या कर्जाची वसुली केली. एका घरी गेलो तर पोरगं तापाने फणफणलेलं, बाई म्हणाली दादा चार दिवस द्या. परत आलो. साहेबांनी सगळ्यांसमोर फाइल अंगावर फेकली, पगार कापला. लोकांच्या दारात आम्ही राक्षस आणि ऑफिसात भिकारी.

सातारी:
तुम्ही सोडलीत ना नोकरी? मग त्याला कोणी बांधून ठेवलेलं?

माजी_वसुलीवाला:
डाकूने राजीनामा कोणाकडे द्यायचा हो? टोळीत राहिला तर सरदार मारणार, बाहेर पडला तर पोलीस. आपलं मीठ खाल्लंय म्हणाला बिचारा, तेवढंच होतं त्याच्याकडे.

खडकवासला:
सगळे कालियावरच. सांभाचं कोण बोलणार? उन्हात खडकावर बंदूक घेऊन बसायचं आणि सरदाराने विचारलं की बक्षिसाचा आकडा सांगायचा, पन्नास हजार. माझे बाबा एका सोसायटीत वॉचमन होते, बारा तास ड्युटी. झोपतात म्हणून कमिटीने खुर्ची काढून घेतली. घरी आले की आई पायाला तेल लावायची, नडगीवर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. सांभाला निदान बसायला खडक होता.

मीना_डोंबिवली:
मी कमिटीवर आहे. आमच्याकडे दोन सायकली गेल्या तेव्हा वॉचमन खुर्चीत घोरत होता. मेंटेनन्स आम्ही भरतो, उगाच आम्हाला गब्बर ठरवू नका.

खडकवासला:
बदली माणूस आला नाही की त्यालाच रात्रीही थांबवता, मग घोरणार नाही तर काय करणार? केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला जागा द्यायचा कायदा केला, साड्यांच्या दुकानातल्या बायका दिवसभर उभ्या असायच्या म्हणून. आपल्याकडे सुरक्षा रक्षकांचा कायदा १९८१ पासून आहे, तरी खुर्चीसाठी भांडावं लागतं.

मीना_डोंबिवली:
आवाज खाली. डबल ड्युटी आमच्याकडेही होते, हे मान्य.

सातारी:
विषय कुठे गेला! खुर्ची द्या त्याला, माझी ना नाही. पण ज्याने गरिबाचं पोतं उचललं त्याला मी माफ करणार नाही.

निशाचर:
माफ करा असं मी म्हटलंच नाही. पोतं उचलल्याबद्दल गावाने त्याला धरायला हवं होतं. पण ज्याच्यासाठी उचललं त्यानेच मारलं, तेही खरं बोलल्यावर.

सातारी:
हं. एवढं पटतं.

मीना_डोंबिवली:
रविवारी मिटिंग आहे, गेटवर खुर्चीचा विषय घेते.

खडकवासला:
पाठ टेकता येईल अशी घ्या. स्टूल नको.