डोळ्यासमोर काहीच येत नाही, मग आकृत्या "मनात फिरवायच्या" कशा?

कोरी_पाटी

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, कुठे विचारावं कळेना म्हणून इथे.

मागच्या आठवड्यात मला पहिल्यांदा कळलं की लोक "डोळ्यासमोर चित्र उभं राहिलं" म्हणतात तेव्हा त्यांना खरंच काहीतरी दिसत असतं. मी आजवर ती नुसती बोलायची पद्धत समजत होते, पोटात कावळे ओरडतायत म्हणतो तेव्हा कावळे कुठे खरे असतात, तसंच. मी डोळे मिटून आईचा चेहरा आठवते तेव्हा मला माहीत असतं की डाव्या भुवईवर बारीक व्रण आहे, कपाळ रुंद आहे, हसताना एक डोळा जास्त बारीक होतो, हे सगळं सांगता येतं पण दिसत काहीच नाही, काळोख. बहिणीला विचारलं तर म्हणाली मला तर आई मान वळवतानासुद्धा दिसते. त्या रात्री नीट झोपच लागली नाही मला.

आता प्रश्न. मी एका परीक्षेची तयारी करतेय, त्यात रिझनिंगचा पेपर आहे. फिरवलेली आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा ओळखा, उलगडलेल्या घनाची घडी घातली तर कसा दिसेल वगैरे. शिकवणारे सांगतात "मनात फिरवून बघा". माझ्याकडे मनात फिरवायला काही नाहीच! पण गंमत म्हणजे रंगवलेल्या घनाचे प्रश्न मला पटापट येतात. मोठा घन बाहेरून रंगवला, कापून २७ तुकडे केले, तर बरोब्बर दोन बाजू रंगलेले तुकडे किती? मी म्हणते घनाला कडा १२, प्रत्येक कडेच्या मधोमध असा एक तुकडा, म्हणून १२. कोपरे ८ त्यांना तीन बाजूंनी रंग, पृष्ठांच्या मधले ६ त्यांना एक, आणि आतला १ कोरा. बेरीज २७, झालं. यात मी काहीच बघत नाही.

तर हे खरं रिझनिंग आहे की मी काहीतरी पळवाट काढतेय? आणि बाकीच्यांसारखं "दिसायला" लागेल असा काही सराव असतो का?

तिरकी_रेघ

ताई, आधी काळजी सोडा. मानसशास्त्रात एम.ए. केलंय आणि माझा प्रबंध याच्याच आसपासचा होता, म्हणून थोडं अधिकाराने लिहितो.

तुमच्यासारखे लोक पूर्वीपासून आहेत. फ्रान्सिस गाल्टनने १८८० मध्येच लोकांना सकाळचं जेवणाचं टेबल आठवायला सांगून विचारलं होतं की चित्र किती स्पष्ट आहे, रंग दिसतात का, आणि काहींनी तुमच्यासारखंच सांगितलं की हे चित्र-बित्र म्हणजे बोलण्यातला अलंकार वाटत होता आम्हाला. नाव मात्र फार उशिरा मिळालं, अ‍ॅडम झेमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अफँटेशिया हा शब्द आणला. आजार नाही हा, मनाच्या घडणीतला फरक आहे. कॉम्प्युटर ग्राफिक्समधले मोठे नाव, पिक्सार या अ‍ॅनिमेशन कंपनीचे सहसंस्थापक एड कॅटमल, यांनाही मनात चित्र दिसत नाही.

आणि हे नुसतं सांगण्यातलं नाही, मोजता येतं. लख्ख उजेडाची कल्पना केली की बहुतेकांच्या डोळ्याची बाहुली खरोखर लहान होते, समोर उजेड नसताना. २०२२ च्या एका प्रयोगात अफँटेशिया असलेल्यांच्या बाहुल्या खऱ्या उजेडाला नेहमीसारख्या आकसल्या पण कल्पनेतल्या उजेडाला तसा प्रतिसाद मिळाला नाही.

आता "मनात फिरवणं". रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांचा १९७१ चा प्रयोग आहे, दहा-दहा ठोकळे जोडून केलेल्या आकृत्यांच्या जोड्या, आणि सांगायचं की दोन्ही एकच आहेत की एक दुसरीची आरशातली प्रतिमा. दोघींमधला कोन जितका जास्त तितका उत्तराला वेळ जास्त, आणि ही वाढ जवळपास सरळ रेषेत, साधारण सेकंदाला ६० अंश या वेगाने. म्हणजे हातात धरून फिरवावं तसं माणूस मनात फिरवतो असं दिसलं. पण झेमन यांनीच २०१० मध्ये एका माणसाची केस छापली, हृदयावरच्या उपचारानंतर त्याची मनातली चित्रं गेली होती. त्याला याच प्रकारचं काम दिलं तर उत्तरं बरोबर आली, फक्त कोनाबरोबर चढत जाणारा तो वेळेचा आलेख त्याच्यात नव्हता. म्हणजे तो वेगळ्या वाटेने पोचत होता. पळवाट हा शब्द काढून टाका डोक्यातून, वाट आहे ती.

खडूचा_तुकडा

माझं नेमकं उलटं आहे, म्हणून लिहावंसं वाटलं. मला सगळं दिसतं, इतकं की गणित वाचलं की सिनेमा सुरू होतो. शाळेत असताना एक गणित होतं, २० मीटर सरळ रस्ता, दोन्ही टोकांना खांब आणि मध्ये दर ५ मीटरवर खांब, एकूण किती. मला तो रस्ता दिसला, खांबाचा गंज दिसला, वरच्या तारेवर बसलेला पक्षी दिसला, आणि मी ४ लिहिलं. बाजूच्या मुलीने वहीत एक रेघ मारून तिच्यावर पाच काट मारल्या आणि ५ लिहिलं. मला अजून तो खांब आठवतो, पण मार्क तिला मिळाले. त्यामुळे चित्र दिसणं म्हणजे उत्तर दिसणं हे मला कधीच पटलं नाही.

षट्कोन

@खडूचा_तुकडा तुमच्या खांबावर प्रत्यक्ष संशोधन आहे हो! मेरी हेगार्टी आणि मारिया कोझेव्हनिकोव्ह यांनी १९९९ मध्ये मुलांना अशीच गणितं दिली (त्यांच्यात झाडं होती) आणि मनात काय आलं ते विचारलं. ज्यांनी संबंध डोक्यात मांडला, म्हणजे रेघ, अंतरं, टोकं, ती मुलं पुढे होती, आणि ज्यांना वस्तूंची हुबेहूब चित्रं आली त्यांचं गणित जास्त चुकत होतं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत या. वस्तू कशी दिसते ही एक आणि काय कुठे आहे ही दुसरी. आपण दोन्हीला "डोळ्यासमोर आणणं" म्हणतो म्हणून घोळ होतो.

कोरी_पाटी, तुमच्याकडे पहिली नाही पण दुसरी भरपूर आहे असं मला वाटतं. एक कोडं देतो, सगळ्यांनीच करा. कागद नको, डोळे मिटा. टेबलावर एक घन आहे असं समजा. तो उचला आणि एका कोपऱ्यावर उभा करा, असा की बरोबर समोरासमोरचा कोपरा त्याच्या सरळ डोक्यावर आला पाहिजे. एक बोट वरच्या कोपऱ्यावर, एक खालच्या. आता उरलेले कोपरे कुठे आहेत ते बोटाने हवेत दाखवा. किती आहेत?

खडूचा_तुकडा

चार. मधोमध गोल पट्ट्यावर असल्यासारखे, समोर एक, मागे एक, दोन बाजूंना. अगदी स्पष्ट दिसतायत.

कोरी_पाटी

कुठे आहेत ते मला दाखवता येत नाही. पण सहा असणार ना? घनाला कोपरे आठ, दोन बोटांखाली गेले.

मग पुढे मोजलं. वरच्या कोपऱ्यातून तीन कडा निघतात, म्हणजे तीन कोपरे त्याच्या शेजारी. खालच्यालाही तसेच तीन. तर ते एका पट्ट्यावर कसे असतील, तीन वरच्याला जवळ, तीन खालच्याला जवळ?

षट्कोन

शंभर टक्के बरोबर. उंचीचे तीन समान भाग केले तर तीन कोपरे एक तृतीयांश उंचीवर आणि तीन दोन तृतीयांशवर, नागमोडी माळ होते मध्ये. हे कोडं जेफ्री हिंटन यांचं, १९७९ चं, हो तेच, ज्यांना २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. बहुतेक लोक चारच म्हणतात. मला यात फार मोलाची वाटते ती गोष्ट अशी की चार दिसणाऱ्याला ते धूसर दिसत नाहीत, खात्रीने दिसतात. मनातलं चित्र फोटोसारखं बाहेरून आलेलं नसतं, आपल्याला घनाबद्दल जे माहीत आहे त्यातून ते आपणच बांधतो, आणि घनाची आपल्या डोक्यातली ओळख "वर चार कोपरे, खाली चार" अशी सपाट ठेवलेल्या घनाची असते. तो तिरपा केला की ती ओळख कामाची राहत नाही, मग चित्र सरळ दुसऱ्याच वस्तूचं बनतं, दोन पिरॅमिड बुडाला बुड लावून ठेवल्यासारखं, आणि ते चुकलंय हे आतून कळायला मार्गच नसतो.

तिरकी_रेघ

हाच जुना वाद आहे. स्टीफन कॉसलिन म्हणायचे मनातली प्रतिमा खरोखर चित्रासारखी असते, तिच्यावर नजर फिरवता येते. झेनॉन पिलिशिन १९७३ पासून म्हणत राहिले की नाही, ते वर्णन आहे, आणि त्याला चित्रासारखं वागवतो ते आपल्या जगाच्या माहितीमुळे.

दोन्हीकडे पुरावे आहेत म्हणून मला हा विषय सोडवत नाही. बदक-सशाचं ते प्रसिद्ध चित्र, एका नजरेने बघितलं तर बदक आणि दुसऱ्या नजरेने ससा, लोकांना थोडा वेळ दाखवून मनात धरायला सांगितलं, १९८५ मध्ये, चेंबर्स आणि राइसबर्ग यांनी. ज्याला बदक दिसलं होतं त्याला मनातल्या चित्रात ससा सापडेना, एकालाही नाही. मग तेच आठवून कागदावर काढायला सांगितलं तर स्वतःच्याच चित्रात सगळ्यांना दुसरा प्राणी सापडला! (नंतर १९९२ मध्ये दुसऱ्या गटाने हिंट देऊन बघितलं तेव्हा काहींना मनातही जमलं.) आणि याच्या उलट हे करून बघा: इंग्रजी मोठा डी घ्या, डावीकडे पाडा म्हणजे सपाट बाजू खाली येईल, आता त्याच्या बरोबर खाली मोठा जे चिकटवा. काय झालं?

खडूचा_तुकडा

छत्री!!

कोरी_पाटी

मला नाही आलं. छत्री वाचल्यावर पटलं, घुमट आणि खाली आकडा असलेली दांडी, पण आधी नाही. कागदावर काढलं तेव्हा लगेच दिसली.

तिरकी_रेघ

इथे चित्र दिसणाऱ्याला थोडा फायदा होतो, हे खरंच आहे, लपवायचं कशाला. पण ताई, तुम्हाला कागदावर लगेच दिसली ना, आणि परीक्षेत कच्च्या कामाला कागद असतोच की.

उलट बाजूही सांगतो. मार्कुस क्नाउफ आणि फिलिप जॉन्सन-लेअर्ड यांचा २००२ चा प्रयोग. "ससा मांजरापेक्षा स्वच्छ आहे, कुत्रा मांजरापेक्षा मळका आहे, तर ससा कुत्र्यापेक्षा स्वच्छ का?" अशा वाक्यांना लोकांना जास्त वेळ लागला, कारण मळका कुत्रा डोळ्यासमोर येतो आणि चिखलाचा उत्तराशी काडीचा संबंध नसतो. वर-खाली, पुढे-मागे असल्या संबंधांना तशी अडचण आली नाही. आणि जन्मापासून दृष्टी नसलेल्या लोकांवर पुढे हेच केलं तर त्यांचा वेग "मळका-स्वच्छ"ने कमी झाला नाही. चित्र नव्हतं, अडथळाही नव्हता.

षट्कोन

मूळ प्रश्नाला धरून, कोरी_पाटी, सराव कशाचा करायचा ते सांगतो. दिसायला लागेल म्हणून डोळे मिटून बसू नका, वेळ जाईल.

उलगडलेल्या घनात एका सरळ ओळीतल्या चौकोनांमध्ये एक सोडून पुढचा चौकोन समोरासमोर येतो. समोरासमोरची दोन पृष्ठं एकदम कधीच दिसत नाहीत. एवढ्यावर निम्मे पर्याय उडतात. आरशाच्या आणि फिरवलेल्या आकृतीत फरक दिशेचा: एका खुणेपासून निघा आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने क्रम तोंडाने म्हणा, ठिपका, त्रिकोण, रेघ. दुसऱ्या आकृतीत त्याच दिशेने तोच क्रम आला तर फिरवलेली, उलट्या दिशेने आला तर आरशातली. पेन्सिलीचं टोक खुणेवर ठेवून करा, मनावरचा भार कमी होतो.

कोरी_पाटी

क्रम म्हणून बघायची युक्ती काल चाळीस आकृत्यांवर केली. वेळ अजून लागतोय पण आता कुठे अडते ते कळतंय, आधी नुसतीच आकृतीकडे बघत बसायचे आणि वाटायचं बाकीच्यांना काहीतरी दिसतंय.

बहिणीलाही घनाचं कोडं घातलं. चार म्हणाली, अगदी ठामपणे. मग लुडोतला फासा घेतला, समोरासमोरचे दोन कोपरे अंगठा आणि तर्जनीत धरले आणि हळूहळू फिरवला, तिने बोटाने मोजले, वर, खाली, वर, खाली, वर, खाली. सहा. मग मी तिला परत डोळे मिटायला सांगितलं, आता बघ म्हटलं. म्हणाली, सहा आहेत माहितीये, पण दिसतायत चारच.

ती बोलत होती तेव्हा मी फासा बोटात धरूनच होते, डोळे मिटून. मला काही दिसत नव्हतं पण कुठला कोपरा कुठे आहे ते बोटांना कळत होतं. हे कशात मोडतं, कुणाला माहीत असेल तर सांगा.