मदत हवी आहे: मेंदूतल्या दाहावर पीएचडी – इम्युनॉलॉजीतून जावं की न्यूरोसायन्समधून?

नमस्कार मंडळी,

पुण्यात एमएस्सी बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या सत्रात आहे, नेट-जेआरएफ (पीएचडीची फेलोशिप मिळवून देणारी परीक्षा) झालं आहे. मेंदूतला दाह आणि पार्किन्सन, अल्झायमरसारखे आजार यावरच पीएचडी करायची हे पक्कं आहे. अडलंय ते एवढंच, की इम्युनॉलॉजीची (रोगप्रतिकारशास्त्राची) लॅब धरावी की न्यूरोसायन्सची (मेंदू आणि चेतासंस्थेच्या अभ्यासाची). इथे संशोधनातली बरीच मंडळी वावरतात, म्हणून विचारते.

ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या रोगप्रतिकारक पेशी कायम मुक्कामाला असतात. 1988 साली कॅनडात मॅकगीर आणि सहकाऱ्यांनी पार्किन्सनच्या मृत रुग्णांचे मेंदू तपासले. डोपामाइन बनवणाऱ्या पेशी जिथे मरतात, नेमक्या त्याच भागात त्यांना खवळलेले मायक्रोग्लिया दिसले. पण पेशी मेल्या म्हणून दाह, की दाहामुळे पेशी मेल्या, हे त्यावरून ठरत नव्हतं. मग 2013 मध्ये ट्रेम-2 जनुकातला एक दुर्मिळ बदल सापडला, त्यानं अल्झायमरचा धोका साधारण तिप्पट होतो. मेंदूत हे जनुक मुख्यतः मायक्रोग्लियातच काम करतं, म्हणजे आजार घडवण्यातही या पेशींचा हात असणार. आता याच्या उलट बाजू बघा. नॅप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब ही दाह कमी करणारी औषधं देऊन अल्झायमर टळतो का, याची मोठी चाचणी झाली आणि फायदा काही दिसला नाही. मला गोडी लागली ती इथे. सरसकट दाह दाबून भागत नसेल, तर कोणता दाह आवरायचा आणि आजाराच्या कोणत्या टप्प्यावर?

सध्या माझं डिझर्टेशन बीव्ही-2 या उंदराच्या मायक्रोग्लिया पेशींवर चालू आहे. जिवाणूंच्या आवरणातलं एलपीएस घातलं की दुसऱ्या दिवशी पेशी फुगून पसरलेल्या दिसतात. वरचं मीडियम (पेशी वाढतात तो द्रव) काढून त्यात ग्रीस रीएजंट हे रसायन टाकलं की 96 खणांच्या प्लेटमध्ये गुलाबी रंग चढतो. खवळलेल्या पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात, त्याचं नायट्राइट होतं; ते जितकं जास्त, तितका रंग गडद. प्रयोग देखणा आहे, पण एका दिवसात उरकतो. माणसाच्या मेंदूत हेच वर्षानुवर्षं मुरत राहतं, आणि शेजारी चेतापेशी असतात, ज्या माझ्या प्लेटमध्ये नाहीतच. म्हणून वाटतं की न्यूरोसायन्स शिकल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि तरी, पेशींचं वर्तन कळायला इम्युनॉलॉजीचा पाया नसेल तर मेंदूचे काप रंगवून तरी काय हाती लागणार?

पर्याय असे. पुण्यातच राहिले तर विद्यापीठाच्या आवारातलं एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र), तिथे इम्युनॉलॉजी भक्कम आहे. पाषाणला आयसर या विज्ञान संस्थेत न्यूरोसायन्सच्या लॅब आहेत. बाहेर पडले तर हरियाणात मानेसरचं एनबीआरसी (राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र), जिथे जपानी मेंदूज्वराच्या विषाणूमुळे मायक्रोग्लिया कसे पेटतात यावर बरंच काम झालंय. किंवा बंगळुरूचं निमहान्स, म्हणजे मेंदू आणि मनाच्या आजारांची राष्ट्रीय संस्था. तिथे मानवी मेंदूंची पेढी आहे, माझ्या दृष्टीनं ही फार मोठी गोष्ट आहे. उंदीर पार्किन्सनचा आजार माणसासारखा भोगत नाही, त्यामुळे कधी ना कधी माणसाच्या ऊतींकडे यावंच लागतं.

घरी आजीला पार्किन्सन आहे. तिची सिंडोपाची गोळी जेवणाच्या बरीच आधी द्यावी लागते, कारण डाळीदुधातली प्रथिनं औषधाच्या आड येतात. गोळीनं हातपाय सुटतात, तिला वाटी धरता येते, पण आत पेशी मरायच्या थांबत नाहीत. बाबांना मी पुण्यातच राहावं असं वाटतं. आईची काळजी वेगळी: आधी दोन वर्षं महिना 37,000, मग 42,000 फेलोशिप, त्यानंतर परदेशात पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम), मग नोकरी नेमकी कधी? तिला देण्यासारखं खरं उत्तर मला हवं आहे.

तर जाणकारांनी कृपया सांगा. इम्युनॉलॉजीत पीएचडी करून नंतर न्यूरोच्या लॅबमध्ये पोस्टडॉक मिळवणं सोपं, की उलट? उंदराच्या नवजात पिल्लांपासून प्रायमरी मायक्रोग्लिया (थेट मेंदूतून वेगळ्या केलेल्या पेशी) काढण्याचा अनुभव मुलाखतीत कितपत विचारतात? आणि परदेशातून भारतात परतणाऱ्या संशोधकांसाठीच्या रामलिंगस्वामी फेलोशिपवर परत आलेलं कुणी इथे आहे का? पाच वर्षं संपल्यावर पुढे काय झालं, हे त्यांच्याकडूनच ऐकायचं आहे. धाग्यावर लिहायचं नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

भर: प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. बहुतेकांनी "संस्था नको, गाईड बघ" असं लिहिलंय, ते पटलं. त्यामुळे प्रश्न जरा बदलते. लॅब निवडण्याआधी तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन करणार आहे, तर त्यांना नेमकं काय विचारू? पेपर किती वर्षांनी निघतो आणि अ‍ॅनिमल हाऊसमध्ये (प्रयोगाचे प्राणी ठेवतात तिथे) जागा मिळायला किती थांबावं लागतं, हे दोन प्रश्न लिहून ठेवलेत. आणखी सुचवा. मुलाखती पुढच्या महिन्यात आहेत.