मदत हवी आहे: आई-बाबांसोबत जपानच्या बागा, देवळं आणि कारागिरी (ओकायामा, क्योतो, नारा)

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरमध्ये आई-बाबांना घेऊन जपानला जायचं ठरतंय, साधारण दोन आठवडे. तोक्यो, फुजी, डिस्नीलँड यातलं काही करायचं नाहीये. बागा, जुनी देवळं आणि हातानं काम करणारे कारागीर एवढ्यासाठीच जायचं आहे, आणि ज्या ठिकाणी जाऊ तिथे निवांत बसायला वेळ हवा आहे.

आम्ही सिंहगड रोडला राहतो. पु. ल. देशपांडे उद्यानात आई-बाबा कित्येक वर्षं सकाळी फिरायला जातात. ते उद्यान म्हणजे पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं. कानाझावाचं केनरोकुएन, मितोचं काइराकुएन आणि हे कोराकुएन अशा जपानच्या तीन नावाजलेल्या बागा मानतात. बाबांची इच्छा एकच आहे, मूळ बाग बघायची. बाकी सगळा प्रवास मला तिच्याभोवती बसवायचा आहे.

टूर कंपन्यांकडे चौकशी केली. त्यांच्या कार्यक्रमात क्योतोला एक दिवस असतो, त्यात सुवर्णमंदिराला बसमधून उतरून फोटो काढण्यापुरता थांबा, आणि ओकायामा तर हिरोशिमाला जाताना खिडकीतून दिसलं तर दिसलं. म्हणून स्वतःच आखणी करतेय आणि इथे अडलेय.

आईचे गुडघे दुखतात. सपाटीवर बऱ्यापैकी चालते, पण जास्त पायऱ्या नाही जमत आणि मांडी घालून तर अजिबात बसता येत नाही. ती गोधड्या शिवते, कापडाचं वेड आहे. नागोयाजवळच्या आरीमात्सुचं शिबोरी (गाठी बांधून रंगवलेलं कापड, आपल्या बांधणीसारखं) तिला बघायचंच आहे, जमलं तर स्वतः एक रुमाल बांधून रंगवायचाही आहे. बाबा निवृत्त संस्कृत शिक्षक. नाराच्या तोदाइजीतल्या महाबुद्धाचे डोळे उघडण्याचा सोहळा ७५२ साली बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूनं केला, हे त्यांनी कधीतरी वाचलं आणि तेव्हापासून नारा यादीत आहे. दोघंही शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. बाबा चातुर्मासात कांदा-लसूणही खात नाहीत आणि कार्तिकी एकादशी बहुतेक प्रवासातच येणार.

कच्चा आराखडा असा: ओसाकाला उतरायचं, क्योतोला मुक्काम, तिथून नारा आणि आरीमात्सु, मग कानाझावा, शेवटी ओकायामा आणि परत ओसाका.

आता अडचणी. नोव्हेंबरची सुरुवात बरी की शेवट? क्योतोची लाल पानं महिन्याच्या शेवटी भरात असतात म्हणे, पण गर्दीची धास्ती वाटते. गुडघेदुखीच्या माणसाला क्योतोतल्या कोणत्या बागा खरोखर झेपतील? कात्सुरा राजवाडा आणि साइहोजीचं शेवाळमंदिर यांना आधी अर्ज करावा लागतो, तो खटाटोप आमच्यासाठी करण्यासारखा आहे का? जेवणाचं कसं करायचं? रेल्वे पास काढायचा की सुटी तिकिटं? आणि ओकायामाला एक दिवस पुरेल का?

स्वतः जाऊन आलेल्यांनी किंवा तिकडे राहणाऱ्यांनी सविस्तर लिहिलंत तर फार मदत होईल.

प्रतिसाद १

ताई, मी गेली बरीच वर्षं कोबेला राहते, त्यामुळे हा सगळा भाग पायाखालचा आहे.

महिन्याच्या सुरुवातीलाच या. पानं पूर्ण लाल नसतील, पण क्योतोत श्वास घ्यायला जागा असेल. शेवटच्या आठवड्यात तोफुकुजीच्या पुलावर मुंगीच्या पावलानं सरकावं लागतं, तिथे गुडघे घेऊन उभं राहणं म्हणजे शिक्षा. दुसरं कारण खास तुमच्या बाबांसाठी. नाराच्या राष्ट्रीय संग्रहालयात दरवर्षी ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत शोसोइनच्या खजिन्याचं प्रदर्शन भरतं, १९४६ पासून. शोसोइन म्हणजे तोदाइजीचं जुनं लाकडी भांडार. बोधिसेनांनी ज्या कुंचल्यानं बुद्धाच्या डोळ्यांत बाहुल्या रेखल्या तो कुंचला आणि त्याला बांधलेली निळी दोरी याच भांडारात जपलेली आहे. त्या दोरीची लांबच लांब टोकं जमलेल्या लोकांनी हातात धरली होती, म्हणजे डोळे उघडण्याच्या पुण्यात सगळ्यांचा हात लागला. प्रदर्शनात दरवर्षी वेगळ्या वस्तू मांडतात, त्यामुळे नेमकी दोरीच दिसेल असं नाही, पण त्या काळातलं इतकं काही एका छताखाली दुसरीकडे बघायला मिळणार नाही. तिकीट वेळेचं असतं आणि आधी काढावं लागतं.

क्योतोत कियोमिझु आणि फुशिमी इनारी सरळ गाळा. एकाला चढ, दुसऱ्याला पायऱ्याच पायऱ्या. कात्सुरा सुंदर आहे यात शंका नाही, पण तिथे मार्गदर्शकाबरोबर गटानं तासभर चालावं लागतं, बरंचसं सुट्या पायदगडांवरून, आणि मनात आलं म्हणून बसता येत नाही. आईंसाठी नको. साइहोजीही माझ्या मते या खेपेला राहू द्या.

त्याऐवजी ज्या देवळांना रुंद लाकडी ओसरी आहे ती निवडा. ओसरीच्या काठावर पाय खाली सोडून बसायचं आणि समोर बाग. मांडी घालायचा प्रश्नच येत नाही. गिओनजवळचं केन्निनजी (स्थापना १२०२) यासाठी उत्तम. रिओआनजीला वर जाताना दगडी पायऱ्या आहेत, पण तेवढ्या सावकाश चढल्या की पुढे बसूनच बघायचं असतं. पांढऱ्या खडीत १५ दगड, आणि ओसरीवर कुठेही बसलं तरी एखादा दुसऱ्यामागे लपतो. आई-बाबांना दोन टोकांना बसवा आणि मोजायला सांगा, मजा येते. सकाळी उघडतानाच जा.

तोफुकुजीत पूल सोडून फक्त होजोच्या (मठाधिपतीच्या निवासाच्या) चार बाजूंच्या बागा बघा. १९३९ साली शिगेमोरी मिरेई यांनी केलेल्या. देवळातलं जुनं सामान वाया घालवायचं नाही अशी मठाची अट होती. मग फरसबंदीचे काढलेले चौकोनी दगड त्यांनी शेवाळात बुद्धिबळाच्या पटासारखे मांडले. उत्तरेच्या बाजूला ते चौकोन हळूहळू विरळ होत जातात आणि शेवटी नुसतं शेवाळ उरतं. जुन्या पडक्या खांबांच्या तळखड्यांतून त्यांनी सप्तर्षी मांडलेत. गोधडी शिवणाऱ्या बाईला ही बाग समजावून सांगावी लागणार नाही.

सांजुसांगेन्दो बाबांसाठी चुकवू नका. १००१ कान्नोन (म्हणजे अवलोकितेश्वर) मूर्ती आणि त्यांच्यापुढे २८ रक्षक देव, त्यांतले बरेच आपल्याकडून गेलेले. इंद्र आहे, ब्रह्मा आहे, बासरी वाजवणारा गरुड आहे. आत फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे माणसं शांतपणे बघतात.

प्रतिसाद २

जेवणाबद्दल लिहितो, कारण शाकाहारी आई-वडिलांना घेऊन मी नुकताच जाऊन आलो.

खरी अडचण मांसाची नाही, दाशीची आहे. जवळपास प्रत्येक सूप, आमटी, नूडल्स, उकडलेली भाजी यांच्या मुळाशी सुकवलेल्या बोनितो माशाचं पाणी असतं. 'व्हेजिटेरियन' म्हटलं की समोरचा वरचं मांस काढून तेच सूप प्रेमानं वाढतो, त्याच्या मनात फसवायचं काही नसतं. म्हणून जपानीत लिहिलेलं एक कार्ड करून घ्या: मांस, मासे, अंडं, माशाची दाशी, कांदा, लसूण चालत नाही, कोंबू म्हणजे समुद्रशेवाळाची दाशी चालते. प्रत्येक ठिकाणी आधी ते दाखवायचं.

देवळातलं शोजिन र्योरी मात्र तुमच्या बाबांसाठीच केल्यासारखं आहे. मासे-मांस नाही, कांदा-लसूण नाही, दाशी कोंबू आणि शिताके अळंबीची. आणि ते खायची खरी जागा कोया-सान. कुकाई या आचार्यांना ८१६ साली तो डोंगर मिळाला, तिथले मठ आजही यात्रेकरूंना उतरवून घेतात. त्याच कुकाईंनी चीनमध्ये चांगआनला प्रज्ञा नावाच्या भिक्षूकडे संस्कृतचे धडे घेतले होते. ओकुनोइनच्या समाधिवनात उंच देवदारांखाली दोन लाखांहून जास्त समाध्या आहेत. त्यातल्या पाच टप्प्यांच्या दगडी स्तूपांवर सिद्धम या संस्कृत लिहायच्या जुन्या लिपीत पाच बीजाक्षरं कोरलेली असतात, वरून खाली: ख, ह, र, व, अ. आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. माझे वडील बोट फिरवत एकेक अक्षर लावत बसले होते, त्यांना तिथून हलवणं कठीण झालं. मठात खोली घेताना पलंग आणि जेवायला खुर्ची मिळेल का हे आधी विचारा, सगळीकडे नसतं. ओकुनोइनला नाकानोहाशीच्या बाजूनं शिरा, चालणं निम्मं होतं. आणि स्वेटर जास्तीचे घ्या, वर चांगलीच थंडी असते.

मेतकूट, भाजलेले पोहे, साबुदाणा, लाडू बिनधास्त न्या. ताजी फळं-भाजी मात्र नेऊ नका, विमानतळावरच काढून घेतील. कोबेला उतरलात तर किटानोला जैन मंदिर आहे आणि शहरात भारतीय जेवण सहज मिळतं.

प्रतिसाद ३

कानाझावाची बाजू कोणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितेय. केनरोकुएनमध्ये १ नोव्हेंबरपासून युकित्सुरी बांधायला घेतात. बर्फाच्या वजनानं फांद्या मोडू नयेत म्हणून झाडाच्या मध्यात उंच खांब उभा करतात आणि माथ्यापासून प्रत्येक फांदीला गवती दोर ताणतात. माळी लोक वर चढून दोर खाली सोडतात, खालचे ते झेलून बांधतात. बागकाम हीसुद्धा कारागिरीच आहे हे तिथे डोळ्यांना दिसतं. शिवाय जपानचा जवळपास सगळा सोन्याचा वर्ख याच गावात तयार होतो. मिलीमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा पातळ, बोटानं उचलायला गेलं तर विरून जातो, म्हणून बांबूच्या चिमट्यानं उचलतात आणि फुंकरीनं सपाट करतात.

पण खरं सांगायचं तर तुमच्या आराखड्यात ते एका कडेला पडतं. मार्च २०२४ पासून क्योतोहून जाताना त्सुरुगाला गाडी बदलावी लागते, सामान आणि गुडघे दोन्ही घेऊन. कोया-सान की कानाझावा असा प्रश्न असेल तर बाबांकडे बघून कोया-सान.

प्रतिसाद १ (पुन्हा)

ओकायामाचं राहिलं होतं. एक दिवस अजिबात पुरणार नाही. तिथेच मुक्काम ठोका.

कोराकुएन इकेदा त्सुनामासा या सरदारानं १६८७ ला सुरू करून १७०० साली पुरी केली. जपानी बाग म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर शेवाळ आणि खडी येते, इथे मात्र मोठमोठी हिरवळ आहे, मध्ये तळं, छोटी भातखाचरं, चहाचा मळा आणि पलीकडे काळा ओकायामा किल्ला. १९३४ च्या पुरात आणि १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात बाग बरीच उद्ध्वस्त झाली होती. एदो काळातली (सतरावं ते एकोणिसावं शतक) चित्रं आणि नकाशे शिल्लक होते, त्यावरून ती पुन्हा उभी केली. आत र्युतेन नावाचा एक उघडा मंडप आहे, त्याच्या जमिनीतून मधोमध पाण्याचा पाट वाहतो आणि पाण्यात सहा सुंदर दगड ठेवलेत. दोन्ही बाजूंना लाकडी काठावर बसता येतं. आईंना तिथे बसवा. लाल डोक्याचे तांचो करकोचेही आहेत, १९५६ साली चिनी लेखक गुओ मोरुओ यांनी पाठवलेल्या जोडीपासून युद्धानंतर ते तिथे परत आले. नोव्हेंबरात बाग सकाळी ८ ला उघडते. स्टेशनवरून ट्राम घेऊन शिरोशिताला उतरा, पुढे थोडंसंच चालणं.

कारागिरीसाठी ओकायामाहून इंबेला जा, लोकल गाडीनं पाऊण तासाच्या आत पोचता. हे बिझेन भांड्यांचं गाव. या मातीला झिलई देतच नाहीत. लाल पाइनची लाकडं घालून भट्टी दिवसचे दिवस पेटती ठेवतात आणि राख, ज्वाळा जिथे जशा लागतील तसा रंग चढतो. भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये भाताचा पेंढा गुंडाळतात. पेंढ्यातले क्षार आणि मातीतलं लोह यांच्या संयोगानं जिथे काडी होती तिथे केशरी-लाल रेघ उमटते. दोन भांड्यांवर सारखी रेघ सापडत नाही. गावातल्या आमात्सु देवळाची कौलं आणि दारातले राखणदार कुत्रेसुद्धा बिझेन मातीचे आहेत. कुराशिकीचा जुना कालवाही ओकायामापासून जवळच.

रेल्वे पास काढू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० येनवरून ५०,००० येन झाला, तुमच्या मार्गावर तो वसूल होत नाही. सुटी तिकिटं आणि शहरात इकोका कार्ड (आधी पैसे भरून बस-गाडीला वापरायचं) पुरे. मोठ्या बॅगा ताक्युबिननं पुढच्या हॉटेलवर पाठवा, साधारण दुसऱ्या दिवशी पोचतात, म्हणून एका रात्रीचे कपडे आणि औषधं जवळ ठेवा. आणि आईंना वेल्क्रोचे बूट घ्या, प्रत्येक देवळात ते काढायचे-घालायचे असतात.

धागाकर्ती

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना बीजाक्षरांचं वाचून दाखवलं, त्यांनी लगेच वही काढून सिद्धम गिरवायला घेतली आहे. कानाझावा जड मनानं काढलं. आता नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात उतरायचं, क्योतो, मध्ये एक दिवस आरीमात्सु, मग नारा, कोया-सान आणि उरलेले सगळे दिवस ओकायामाला.

आरीमात्सुचं एवढंच राहिलंय. तिथल्या संग्रहालयात बायका बसून गाठी बांधताना बघायला मिळतात हे कळलं, पण स्वतः करून बघायच्या वर्गात टेबल-खुर्चीवर बसता येतं का? आणि नारामध्ये शोसोइन प्रदर्शनाच्या रांगेत ज्येष्ठांना बसायची काही सोय असते का? कोणी यातलं काही केलं असेल तर कृपया कळवा, विमानाची तिकिटं या महिन्यातच काढायची आहेत.