ओल्या कचऱ्याचे ढीग तापत नाहीत, वास सुटतो. काय करावं?

प्रश्न: रोज ५ टन ओला कचरा येतो. कंपोस्ट खतासाठी त्याचे दोन मीटर उंचीचे लांबट ढीग लावून आठवड्याने पलटतो. तिसऱ्या दिवसापासून आंबूस वास, खालून काळं पाणी, आणि आतलं तापमान ४० अंशांवर अडकलेलं. कल्चर (कुजवणाऱ्या जिवाणूंचं विरजण) दुप्पट केलं, तरी फरक नाही.

उत्तर १: कल्चर वाढवून काही होणार नाही. जिवाणू कचऱ्यात मुबलक असतात, त्यांना हवा मिळत नाहीये. हातमोजा घालून ढिगात कोपरभर आतून मूठभर माल काढा आणि घट्ट पिळा. एक-दोन थेंब आले तर ओलावा ५०-६० टक्के, म्हणजे योग्य. धार लागली तर माल चिंब आहे. अशा वेळी दोन पाट्या ओल्याला एक पाटी कोरडा पाला आणि लाकडाचे बोटभर तुकडे मिसळा. नुसता भुसा नको, तो पाणी शोषतो पण दबून बसतो आणि पोकळी उरत नाही. उंची दीड मीटरवर आणा. ५५ अंशांच्या वर १५ दिवस आणि त्यात किमान पाच पलटण्या झाल्या की रोगजंतू आणि तणाचं बी मरतं.

प्रश्नकर्ता: इतक्या वेळा पलटलं तर उष्णता निघून जाणार नाही का?

उत्तर १: जाते, पण दिवसभरात परत चढते. नाही चढली तर पुन्हा मूठ पिळून बघा.

उत्तर २: काळ्या पाण्यासाठी पक्की फरशी, तिला एक-दोन टक्के उतार, कडेने नाली आणि शेवटी टाकी. वर छप्पर हवंच, नाहीतर पावसाळ्यात टाकी पुरत नाही. हे पाणी ताज्या, सुकत चाललेल्या ढिगावर शिंपडता येतं. तापून झालेल्या ढिगावर चुकूनही नको, त्या पाण्यातून रोगजंतू परत येतात.

उत्तर ३: गाडीत काय येतंय तेही बघा. गाठ मारलेल्या पिशव्या तशाच ढिगात गेल्या तर आतला माल हवेविना कुजतो. त्या आधी फोडा, आणि न निवडलेला कचरा श्रेडरमध्ये (तुकडे करणाऱ्या यंत्रात) मुळीच घालू नका. काचेचा चुरा आणि प्लास्टिकचे कपटे नंतर चाळणीतून खताबरोबरच खाली पडतात. फुटलेल्या बॅटरीतले जड धातू तर कुठल्याच चाळणीला सापडत नाहीत. गाडीला मधोमध पक्का पडदा बसवा. वेगळा करून दिलेला कचरा डोळ्यांदेखत एकाच हौद्यात पडताना दिसला की लोक वर्गीकरण सोडून देतात, आणि त्यात त्यांची चूक नसते.