चोकची तार फक्त मधेच करपतेय, काय चुकतंय?

सोलर चार्जर बनवतोय, 48 व्होल्टवरून 24 वर, 10 अँपिअर, 100 किलोहर्ट्झ. चोक (करंट सपाट करणारी कॉइल) 30 मायक्रोहेन्रीचा, कोअर ईटीडी 34 आकाराचा फेराइट, त्याच्या मधल्या पायात 1 मिमी गॅप. 18 गेजचे 15 वेढे, त्यावर दुसऱ्या तारेचे 15, दोन्ही पॅरलल. कोअर हाताला कोमटच लागतो पण अर्ध्या तासात वार्निश जळल्याचा वास यायला लागतो. उलगडून बघितलं तर आतल्या थराचे मधलेच दोन-तीन वेढे चॉकलेटी पडलेत, कडेचे अगदी नव्यासारखे चकचकीत. अजून जाड तार घेऊ का?

उत्तर 1
जाड अजिबात नको. करपलेले वेढे बरोबर गॅपच्या वर आहेत ना? गॅपपाशी फ्लक्स, म्हणजे चुंबकीय क्षेत्र, बाहेर फुगतो, तो तारेत घुसला की एडी करंट (तांब्यातल्या तांब्यात गोल फिरणारे करंट) फिरतात आणि तेवढाच भाग तापतो. 100 किलोहर्ट्झला तांब्यात स्किन डेप्थ (एसी करंट पृष्ठभागापासून साधारण जेवढा आत शिरतो ती खोली) जेमतेम 0.2 मिमी, तुझी तार 1.2 ची, अजून जाड घेतलीस तर त्या करंटला फिरायला अजून जागा मिळणार. बॉबिनवर (तार गुंडाळायच्या साच्यावर) आधी 2 मिमी थर चढव, मोटर रिवाइंडिंगवाल्यांकडे लेदरॉइड पेपर मिळतो तो चालेल, मग तार गुंडाळ. वेढ्याची लांबी थोडी वाढेल, डीसी रेझिस्टन्सही, पण परवडतं.

प्रश्नकर्ता
आणि लिट्झ वायर (वेगवेगळ्या वार्निश केलेल्या बारीक तारांचा पीळ) घेतली तर?

उत्तर 2
इथे गरज नाही रे. 30 मायक्रोहेन्रीला रिपल (करंटमधला एसी चढउतार) साधारण 4 अँपिअर पीक टू पीक येतो, म्हणजे आरएमएस सव्वा अँपिअरसुद्धा नाही, बाकीचे 10 अँपिअर डीसी, त्याला स्किन इफेक्टशी देणंघेणं नाही. लिट्झचा खर्च करायचा तो जिथे सगळाच करंट एसी आहे तिथे, रेझोनंट कन्व्हर्टरमध्ये वगैरे. मला खटकतंय ते तुझं पॅरलल. एक तार पूर्ण आत आणि दुसरी पूर्ण बाहेर, दोघींना फ्लक्स वेगळा मिळतो मग रिपल सारखा वाटला जात नाही आणि दोघींच्या लूपमध्ये करंट उगाच फिरत राहतो. दोन्ही तारा शेजारी-शेजारी धरून एकदमच गुंडाळ, खाली 8 वेढे वर 7, ईटीडी 34 च्या बॉबिनवर मावायला पाहिजेत.

उत्तर 3
आणि तारेऐवजी फॉइल (तांब्याची पातळ पट्टी) कुणी सुचवली तरी या गॅपवर नको, फुगलेला फ्लक्स पट्टीला आडवा छेदतो, तारेपेक्षा जास्त तापेल. सेंडस्टचा (लोखंडी मिश्रधातूच्या पावडरचा) टोरॉइड, म्हणजे रिंगसारखा कोअर, घेतलास तर गॅप मटेरियलमध्येच विखुरलेला असतो, हा त्रासच नाही.

प्रश्नकर्ता
पेपर टाकून, दोन्ही तारा एकत्र गुंडाळून फुल लोडवर तासभर चालवला. वास नाही. परत उलगडलं, मधले वेढे कडेच्यांसारखेच चकचकीत आहेत.