मदत हवी आहे: हाफ मॅरेथॉनमध्ये १२ किमीनंतर पाय जड होतात

नेरुळकर९: येत्या रविवारी हाफ (२१ किमी) आहे, जरा लवकर सांगा. दोन तासांच्या आत यायचंय. १२ किमीपर्यंत झकास जातं, मग मांड्या भरून येतात आणि शेवटी चालावं लागतं. सुरुवात किती पेसने (किमीला किती मिनिटं) करू?

पहाटपाखरू: रूट सपाट आहे की चढाचा? तुमचं १० किमीचं टायमिंग काय?

कोपरीकर: चढांचा सराव कमी पडतोय. पहाटे ठाण्याला उपवनहून येऊरच्या डोंगरावर चढा, महिन्यात फरक दिसेल.

पहाटपाखरू: अहो, रेस रविवारी आहे! आणि नेरुळच्या माणसाला येऊर कशाला, बेलापूरला पारसिक हिल आहे की.

कोपरीकर: येऊरची झाडी तिथे आहे का?

मीनल_वाशी: काखेत आणि मांड्यांना व्हॅसलीन लावा, नाहीतर घामाने सोलवटतं.

नेरुळकर९: सोलवटत नाहीये, पाय जातायत. रूट सपाट. १० किमी बेस्ट ५७ मिनिटं. मागच्या हाफला पहिले ५ किमी ५:२०ने काढले, पुढे वेळ हाताशी राहावा म्हणून.

पहाटपाखरू: मग उत्तर तिथेच आहे. ५७ मिनिटं म्हणजे किमीला ५:४२. दोन तासांत हाफ करायला ५:४१ लागतो. जीव तोडून १० किमीला जमतो तो पेस तुम्ही २१ला धरताय, आणि सुरुवात त्याहून जोरात. त्यात स्नायूंतली साखर भराभर संपते. शिवाय आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, पेस तोच ठेवला तरी ठोके चढत जातात. पहिले ३ किमी ६:०५ने जा, शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता यायला हवं. मग ५:५५ ते ६:००. १६ किमीला दम उरला तर वेग वाढवा. २:०६च्या आसपास याल.

कोपरीकर: सुरुवातीला गेलेला वेळ नंतर भरून येत नाही. पहिल्यापासून एकच पेस ठेवा.

पहाटपाखरू: असं कसं? केनियाच्या किप्टमने २०२३ला शिकागोत फुल मॅरेथॉनचा २:००:३५चा जागतिक विक्रम केला, त्यात पहिला अर्धा भाग ६०:४८, दुसरा ५९:४७.

मीनल_वाशी: तो शिकागोच्या गार हवेत. इथे घड्याळाकडे कमी बघा, श्वास एकसारखा ठेवा.

नेरुळकर९: २:०६साठी एवढा सराव नाही केला. दोन तासांच्या पेसरमागे (ठरलेल्या वेळेत नेणारा धावपटू) राहिलो तर?

पहाटपाखरू: १२ला परत तेच होईल. २:०५चा पेसर असेल तर त्याला धरा.

नेरुळकर९: बरं. एनर्जी जेल (साखरेचं पाकीट) कधी घेऊ?

मीनल_वाशी: पाऊण तासाने, पाण्याबरोबर. सरावात कधी घेतलं नसेल तर रविवारी नकोच.